डायल टोन नसताना

तुर्भ्याच्या भंगारात निहाल हे वजनावर विकतो.
शर्वरीने चाळीस रुपयांत दोन कार्डं आणली,
एकाच्या पट्टीला गंज, दुसऱ्यावर कुणीतरी
पेनाने लिहिलेलं: चालू आहे, ९-३-९८.
काका, तुम्ही एक्स्चेंजमध्ये होता ना, म्हणाली.
होतो. वाशीला. एकतीस वर्षं.

बाहेरच्या मोडेमला दिवे असायचे,
बघून कळायचं काम कुठवर आलंय.
हा आतला. कॅबिनेटच्या पोटात, स्लॉटमध्ये उभा.
याला डोळे नाहीत, फक्त गळा.
काय चाललंय ते ऐकून ओळखायचं,
दाराआडच्या बाळंतपणासारखं.

जंपर चुकीच्या पिनांवर होता.
माउस हलवला की मोडेम गप्प,
मोडेम जागा झाला की माउस मेला,
दोघांना कुणीतरी एकच दार दिलेलं.
यमुनेच्या भुवयांच्या चिमट्याने
तिळाएवढी ती काळी टोपी उचलली,
एक घर पुढे सरकवली.
हात थरथरतो आता. तिसऱ्या खेपेला बसली.

मग वायर घेऊन शर्वरी भिंतीकडे गेली
आणि तिथेच थांबली.
डबी आहे, डबीत दोन स्क्रू आहेत,
स्क्रूंच्या मागे काही नाही.

तांबं कधी काढून नेलं, कुणी सांगितलं नाही मला.
टाकणाऱ्यांत मी होतो.
कोपरखैरण्याच्या खाजणात चर खणताना
मुकादमाने विचारलं, जमीन कुणाची रे ही?
मी म्हटलं, सिडकोची.
बापाचा बांध चार पावलांवर होता,
त्यावर अजून निवट्या बसायच्या.

लाइन म्हणजे काय, या पोरीला कसं सांगू?
रिसीव्हर उचलला की जी घूं यायची
ते कुणाचं बोलणं नव्हतं,
पण पलीकडे कुणीतरी जागं आहे एवढं कळायचं.
आमच्या बॅटरी-रूममध्ये चोवीस सेल,
अख्ख्या वाशीची वीज गेली तरी
घराघरात अठ्ठेचाळीस व्होल्ट,
विरजणासारखे न हलता.

आज नऊ.
मल्टिमीटरमधून काढलेली चौकोनी बॅटरी,
एक रेझिस्टर, दोन कार्डांमध्ये दीड हात वायर.
एक्स्चेंज म्हणून एवढंच.

मोडेम नियमाचा पक्का असतो.
टोन नाही म्हणतो आणि फोन ठेवून देतो.
म्हणून आधी हुकूम द्यायचा, ए-टी-एक्स-तीन:
टोन ऐकू आला नाही तरी लाव.
तक्रारी तपासताना हजारदा टाइप केलंय हे.
आज त्याचा अर्थ लागला असं म्हणणार नाही,
अर्थ तेव्हाही ठाऊक होता.

त्याला सांगितलं, उचल.
याला सांगितलं, बोल.

आधी बारीक शिट्टी, मग खरवडणं,
मग पत्र्यावर खडी ओतावी तसं काहीतरी,
शर्वरी कानांवर हात ठेवून हसत सुटली,
आणि आतून यमुना ओरडली,
"फोन नको उचलू रं कोनी, हेमंत लाइनवर हाय!"

मग स्वतःच गप्प झाली.
कढईत उलथणं तेवढं वाजत राहिलं.

हेमंत खारघरला असतो.
अर्धा तास लागतो इथून.

जुळलं. चौदा हजार चारशेवर.
तेहतीसचे होते दोघंही, पण वय झालं.
शर्वरीने त्या टेबलावरून इंग्रजी अक्षरांत विचारलं,
काका आलं का?
मी एका बोटाने लिहिलं, हो.
दीड हात वायरीतून ते जाताना
मी पडद्याकडे नाही, वायरीकडे बघत होतो.

यमुना पिठाच्या हातांनी दारात आली.
"कुनाला लागला?"
या टेबलावरून त्या टेबलाला, म्हटलं.
"तेवरा तरी लागला," म्हणाली, आणि पोळी करपते म्हणून वळली.

शर्वरी गेली. जेवणं झाली.
मल्टिमीटर रिकामाच ठेवला मी,
बॅटरी काढली नाही.